गेटजवळच्या खोलीचं मतदान

ये गं बाई, जरा जवळ सरक. फोन कानाला लावून तू तिकडे पोळ्या लाटत असतेस आणि आत्याचं निम्मं बोलणं कुकरच्या शिट्टीत उडून जातं. परवा मी रडत रडत सांगत होते, आणि तू काय म्हणालीस? "आत्या, मतदान झालं ना रीतसर? बहुमत झालं ना? मग आता काय करणार." शाळेत नागरिकशास्त्र शिकवतेस म्हणून म्हाताऱ्या आत्यालाही तेच शिकवायचं होय? असं नसतं गं बोलायचं. मी रागावले नाही. पण दोन दिवस घास उतरला नाही. फोनवर नीट सांगता येईना, म्हणून लिहूनच काढते. माझं अक्षर तुला माहीत आहे. शाळा कधी पाहिली नाही. लोकांची लेकरं सांभाळता सांभाळता त्यांच्याच पाटीवर शिकले, तेव्हा ओळी वरखाली झाल्या तर समजून घे.

आधी खोलीचं सांगते. डिंडोलीची आमची सोसायटी. सोसायटी म्हटलं की तुझ्या डोळ्यांपुढे लिफ्ट येत असेल. तसलं काही नाही. दोन गल्ल्या, एक पुढची, एक मागची, एकमेकांना चिकटलेली एकसष्ट घरं. बहुतेक आपलीच खान्देशातली माणसं, लूमवर म्हणजे कापडाच्या मागावर जाणारी. गेटमधून आत शिरलं की डाव्या हाताला पाण्याची मोटर आणि मोटरीला लागून एक ओरडी. इकडे गुजरातीत खोलीला ओरडी म्हणतात. त्या ओरडीत मी राहते. आमचे हे लूमवर होते. लूमच्या खडखडाटात त्यांचे कान गेले. मालकाने हाक मारावी नि यांनी ऐकूच नये, असं झालं तेव्हा काम सुटलं. तेव्हाचे प्रमुख म्हणजे सोसायटीचे पुढारी, भला माणूस. म्हणाले, "गेट सांभाळा, मोटर चालवा, ओरडीत राहा." एवढंच. तोंडी. पुढे ते प्रमुख गेले, मग हेही गेले. मोटर माझ्याकडे राहिली.

मोटर म्हणजे काय, तर सकाळ-संध्याकाळ बटण दाबायचं आणि टाकी भरेपर्यंत कान टाकून बसायचं. बाकी दिवस कोणाची चावी ठेव, कोणाचं लेकरू ठेव. बायका माझ्या दारापुढे साड्यांचे ढीग घेऊन बसतात आणि सुटलेले धागे कापतात. कात्र्या चालतात नि त्याहून जास्त तोंडं चालतात. रात्री आडवी झाले तरी त्यांच्या कापलेल्या धाग्यांचे तुकडे माझ्या पातळाला चिकटलेले सापडतात. तू आलीस तर तुझ्याही लागतील.

आता नवे प्रमुख आले. त्यांनी मोटरीला एक डबी बसवली. टाकी भरली की मोटर आपोआप बंद, रिकामी झाली की आपोआप सुरू. त्यांनी मला कौतुकाने दाखवली. म्हणाले, "बघा बा," म्हाताऱ्या बाईला ते बा म्हणतात, "आता तुम्हाला उठायचा त्रास नाही." मलाही बरं वाटलं गं. आठ दिवसांनी कळलं, मोटरीला माणूस लागत नाही, मग माणसाला ओरडी कशाला, असा विषय निघाला आहे. मोडून तिथे रिक्षा आणि मोटरसायकली लावायला जागा करायची. मागची गल्ली अरुंद आहे, खोटं कशाला बोलू. तिथल्या माणसांना गाड्या रस्त्यावर लावाव्या लागतात, सकाळी आरसा तुटलेला असतो. शिवाय त्यांच्या गल्लीत पाणी शेवटी पोहोचतं नि बारीक येतं, त्याचा रागही माझ्यावरच. मोटर मी चालवते म्हणजे धारही मीच बारीक सोडते असं त्यांना वाटतं.

प्रमुख म्हणाले, मत घेऊ, बहुमत होईल ते करू. आणि इथेच आमच्या लोकांनी अशी चूक केली, जी लूमवाल्यांशिवाय कोणी करणार नाही. पुढच्या गल्लीतले बहुतेक एका कारखान्यात. भावाने साडूला नेलं, साडूने मेहुण्याला, अशी गल्लीच्या गल्ली एका छपराखाली गेलेली. मागची गल्ली तशीच दुसऱ्या कारखान्यात. एकाची दिवसपाळी तेव्हा दुसऱ्याची रातपाळी, आणि पंधरवड्याला अदलाबदल. मीटिंग ठेवली संध्याकाळी आठला. तेव्हा घरी कोण? पुढची गल्ली. त्यांची लेकरं माझ्या मांडीवर मोठी झालेली. हात वर झाले, ठरलं, बाई राहू दे. मी देवाला साखर ठेवली.

पंधरा दिवसांनी पाळ्या बदलल्या. मागची गल्ली म्हणाली, आमच्या माघारी ठरवलं, आम्हाला मान्य नाही. पुन्हा मीटिंग, पुन्हा आठला. आता घरी मागची गल्ली. हात वर झाले, ठरलं, मोडा. एकच खोली, एकदा राहिली, एकदा मोडली, आणि दोन्ही वेळा बहुमताने. सांग तुझ्या वर्गातल्या पोरांना.

धागे कापताना एक जण म्हणाली, "मावशी, तू पण पाळी लावून घे. पंधरा दिवस खोलीत राहा, पंधरा दिवस रस्त्यावर." सगळ्या हसल्या. मीही हसले. हसू आल्यावर तोंडाला पदर लावला तो बराच वेळ काढला नाही.

पुढच्या गल्लीत एक बँकेत काम करणारा आहे. शिकलेला, शांत, बायको-पोरांशी नीट वागणारा. त्याची धाकटी माझ्याकडेच असायची. तो म्हणाला, दोन्ही पाळ्या घरी असतील तेव्हाच मत घ्या, नाहीतर हे कधी संपणार नाही. पण असा दिवस कुठून आणायचा? दिवाळीला सगळे गावाकडे जातात. राहिला एकच दिवस, कॉर्पोरेशनच्या मतदानाचा. त्या दिवशी लूम बंद. ठरलं, सकाळी सरकारी मतदान, संध्याकाळी आमचं.

मधल्या दिवसांत काय व्हावं? गल्लीत रोज उमेदवार हात जोडून फिरत होते, ढोल, गुलाल, गळ्यात उपरणी. त्यांच्या मागोमाग मीही फिरले. हात जोडून, दारोदार. या वयात. उमेदवाराला लोक आत बसवून सरबत देत होते, मला उंबऱ्यात उभं ठेवत होते, कारण आत बोलावलं तर नाही म्हणणं अवघड जातं. पुढच्या गल्लीत बायका म्हणायच्या, "आमनं मत तुलेच शे, माय." मी म्हणायची, "बाई, तुझं मत कुठे आहे, ते तर तुझ्या नवऱ्याकडे आहे." सोसायटीचा नियमच तसा. एक घर, एक मत, आणि ज्याच्या नावावर घर त्याचा हात. बायकांच्या नावावर घरं किती? मला आठवेनात. आणि मी तर घरमालकीणसुद्धा नाही. ओरडीला मत नसतं.

मागच्या गल्लीत एक रिक्षावाला. त्याची बायको बाळंतपणात फार आजारी होती, तेव्हा महिनाभर त्याची तान्ही पोर माझ्याकडे होती. तो खरं बोलला. दार पूर्ण उघडलं, मला खाटेवर बसवलं नि म्हणाला, "मावशी, खोटं नाही बोलत. रिक्षा माझं पोट आहे. मी पार्किंगलाच हात करणार." मी उठले. तो म्हणाला, "थांब. पण पार्किंग नाही झालं, तर माझा हात तुला. हे लक्षात ठेव." अशी मागच्या गल्लीत आणखी माणसं निघाली. पहिलं मन पार्किंगवर, दुसरं माझ्यावर. मी तेवढंच पदराच्या गाठीत बांधल्यासारखं मनात ठेवलं.

पण तोवर तिसरा पक्ष उभा राहिला. दोन्ही गल्ल्यांतली काही म्हातारी-कोतारी म्हणाली, जागा मोकळी होतेच आहे तर तिथे कानबाईचं पक्कं देऊळ बांधू. आता बघ, कानबाई आपली श्रावणातली. बसवायची, रात्र जागवायची, सकाळी वाजतगाजत तापीवर नेऊन निरोप द्यायचा. एका रात्रीची पाहुणी ती. तिला बारा महिने घर कशाला? मी तसं बोलले, तर एक म्हातारा म्हणाला, "देवीले कोन नही म्हनी?" देवीला नाही कोण म्हणणार? खरंच, कोण म्हणणार. दर वर्षी तिच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू मीच निवडते. घरातल्या पुरुषमाणसांच्या नावाने एकेक मूठ मोजून घ्यायची, अशी रीत. गहू निवडताना बायकांचे हात दुखतात, पण मूठ त्यांच्या नावाची नसते. तेव्हा कधी मनात आलं नव्हतं. यंदा आलं.

मतदानाचा दिवस उजाडला. सकाळी मी शाळेत गेले, रांगेत उभी राहिले. माझ्या कार्डावर पत्ता याच ओरडीचा आहे गं. आतल्या माणसाने कार्ड पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, बोटाला शाई लावली. कॉर्पोरेशनला इकडे एका माणसाला चार मतं असतात, चार नगरसेवक निवडायचे. एक, दोन, तीन, चार, मी चारही बटणं दाबली, दर वेळी थोडं थांबून, विचार करून. अख्ख्या वॉर्डाची चार माणसं निवडायचा मला हक्क. बाहेर आले नि उन्हात शाई वाळवत उभी राहिले. एवढी मोठी वाटत होते मी स्वतःला. संध्याकाळी त्याच बोटाला माझ्या छपराबद्दल बोलायचा हक्क नव्हता.

संध्याकाळी सगळे गेटजवळ जमले. बसायला सतरंज्या माझ्याच दारातून अंथरल्या, कारण सोसायटीच्या सतरंज्याही माझ्याकडेच असतात. मी मोटरीच्या कठड्याला टेकून उभी. सगळ्यांच्या बोटांवर सकाळची शाई. पुढच्या गल्लीतली एक सून उभी राहिली नि म्हणाली, "सकाळी चार मतं दिली, मग इथे एकच का? ज्याला जे जे चालतं त्याला त्याला हात करू द्या. आम्हाला देऊळही चालेल, मावशीही चालेल." तिच्या सासऱ्याने तिला बसवलं. प्रमुख म्हणाले, "कॉर्पोरेशन वेगळी, सोसायटी वेगळी. एक घर, एक हात." मी म्हटलं, "भाऊ, निदान चिठ्ठ्या टाका. सरकारनेही सकाळी पडद्याआड केलं." ते हसले. म्हणाले, "बा, इथे कोणाला कोणाची भीती आहे? सगळे घरचेच." मग गुजरातीत म्हणाले, "चालो, हाथ उंचा करो."

आधी माझा विषय. हात वर झाले. बँकवाल्याने मोजले, चोवीस. मग देऊळ, वीस. मग पार्किंग, सतरा. माझे हात सगळ्यांत जास्त. मी मोटरीच्या कठड्यावर बसले. बायकांनी माझ्या पाठीवर हात फिरवला. एकीने तर म्हटलं, "जा, चहा टाक, सगळ्यांना पाज." मी उठले पण होते गं.

तेवढ्यात बँकवाला बोलला. तो माझ्या बाजूचा माणूस, त्याने माझ्यासाठी हात वर केलेला. म्हणाला, "एक गोष्ट नीट करू. एकसष्टमध्ये चोवीस म्हणजे निम्मे नाहीत. उद्या कोणी म्हणायला नको की सदतीस घरांना नको असताना बाई राहिली. सगळ्यांत कमी ज्याला, ते बाद करू आणि उरलेल्या दोघांत परत हात घेऊ. मग कोणी बोट दाखवणार नाही." मला त्याचं पटलं. खरंच सांगते, पटलं. पार्किंग बाद होईल, आणि त्यांचं दुसरं मन तर माझ्यावर आहे. चोवीसला सात मिळाले की झालं. सात माणसं तर मी मनात धरून बसले होते. प्रमुख म्हणाले, चालेल.

"कानबाईचं देऊळ," प्रमुख म्हणाले, आणि ज्या म्हाताऱ्याने सुरुवात केली होती त्याने बसल्या जागी हात जोडून वर केले, दोन्ही. मग एकेक हात जाऊ लागला. मी फक्त मागच्या गल्लीकडे बघत होते. रिक्षावाला खाली बघत होता. त्याच्या शेजारच्याने हात वर केला. मग पलीकडच्याने. त्याच्या आईने मागून त्याला कोपर लावलं. देवीचं नाव निघालं आहे, सगळी गल्ली बघते आहे, घरात पोर अधूनमधून आजारी असते, देवीचा कोप कोणाला हवा. माणूस काय करणार. त्याचा हात गेला वर. पूर्ण नाही, खांद्याएवढाच. पण मोजणारा अर्धा हात अर्धा मोजत नाही. शाईचं बोट दिसलं मला लांबून.

देवळाला चौतीस. मला सत्तावीस.

कोणी आरडाओरडा केला नाही. कोणी वाईटही बोललं नाही. बँकवाला माझ्याजवळ आला, त्याच्या तोंडाला रंग नव्हता. "मावशी, मला वाटलं..." एवढंच म्हणाला. मी म्हटलं, "मलाही तेच वाटलं रे बाबा." मग तो प्रमुखांकडे गेला नि म्हणाला, चिठ्ठीने एकदा घेऊ. ते म्हणाले, "दर पंधरा दिवसांनी काय मतदानच करायचं? आता दोन्ही पाळ्या होत्या. बहुमत झालं." आणि ते चूक नव्हते गं. झालंच होतं बहुमत. तू म्हणतेस तसंच.

पण मला एक सांग, तुझ्या पुस्तकात हे कुठे लिहिलं आहे का? पहिल्या मोजणीला थांबले असते तर मी राहिले असते. पार्किंगऐवजी देऊळ आधी बाद झालं असतं, तर देवळातली कितीतरी माणसं माझ्याकडे आली असती, त्यांना रिक्षांचा धूर देवीच्या वाटेत नको होता. चार मतं दिली असती तर राहिले असते. चिठ्ठी टाकली असती तर रिक्षावाल्याचा हात माझा होता, हे मला माझ्या नाडीसारखं ठाऊक आहे. बायकांना हात असते तर विचारायलाच नको. माणसं तीच, त्यांची मनं तीच, संध्याकाळ तीच. फक्त विचारायची तऱ्हा दुसरी. मी रोज भांडी घासताना हेच उलटंपालटं करत बसते. मनात दर वेळी खोली राहते, नि भांडी घासून उठले की मोडतेच.

लोक उठायला लागले. सतरंज्या कोणी गुंडाळेनात, म्हणून मी गुंडाळायला वाकले. तेवढ्यात कोणाचा तरी आवाज आला, "मावशी, पाणी नाही आलं." डबी तीन दिवसांपासून बिघडली होती, मोटर मलाच चालू करावी लागत होती. वाटलं, नाही करायची. आज एकसष्ट घरांना कोरडं ठेवायचं. हात बटणापर्यंत गेला नि तिथेच राहिला. मग मागच्या गल्लीतून रिक्षावाल्याची पोर रिकामी कळशी घेऊन आली नि माझ्या पातळाला धरून उभी राहिली. बटण दाबलं मी. काय करू, सांग.

श्रावणापर्यंत मुदत दिली आहे. यंदाची कानबाई नव्या जागेत बसवायची म्हणतात, म्हणजे त्याआधीच भिंती जाणार. तुझा भाऊ, म्हणजे माझा मुलगा, उधन्याला एका खोलीत आहे, नवरा-बायको नि दोन लेकरं. "ये ना, आई" म्हणतो. मी गेले होते बघायला. सून अंथरूण कुठे टाकायचं ते नजरेने मोजत होती, नि मी ते बघत होते. बिचारी वाईट नाही. जागाच नाही तर ती तरी कुठून आणील? गावाकडे माझा वाटा कधीचा दिरांकडे गेला. रात्री झोप लागत नाही. छताकडे बघत पडते. पत्र्याला एक भोक आहे, त्यातून गेटवरच्या दिव्याचा उजेड येतो. ते भोक बुजवून घ्यायचं म्हणून वर्षानुवर्षं मी मागे लागले होते. आता कोणाला सांगू.

परवा रिक्षावाला आला होता. दारात उभा राहिला, आत आला नाही. म्हणाला, "मावशी, सामान हलवायचं असेल तेव्हा सांग. रिक्षा आणतो." मी म्हटलं, "बैस, चहा घे." बसला. चहा प्याला. कप धुऊन ठेवला नि गेला.

मी तुझ्याकडे राहायला येते असं म्हणत नाही हो. तुझं घर, तुझी माणसं, तुझी नोकरी, मला कळतं. फक्त तू एकदा ये. लहान होतीस तेव्हा तुला या ओरडीत ताप आला होता, आठवतं? मोटरीच्या घरघरीत तू झोपायचीस, दुसऱ्या कशाने झोपत नव्हतीस. तशी एक रात्र ये नि झोप माझ्याशेजारी. सकाळी मी तुला पहिल्या धारेचं पाणी काढून देईन. बायकाही बसतील धागे कापत, त्यांच्याशी बोल. बहुमताचं काही बोलू नको, नुसती बस. सुट्टीची वाट बघत बसू नको बाई, श्रावण काही थांबत नाही. ही ओरडी उभी आहे तोवर ये.